डोंगरातली शाळा आणि तीन भाषांचा मास्तर

युद्ध संपल्याचे ज्या दिवशी जाहीर होते, त्या दिवशी सेनापतींचे काम संपते आणि शाळामास्तरांचे सुरू होते. तहाच्या कागदावर सह्या करणाऱ्यांची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून झळकतात, शांतिसेनेच्या जहाजांचे स्वागत होते, मदतीचे आकडे जाहीर होतात. परंतु जळून गेलेल्या गावात चार पोरे गोळा करून ‘उद्यापासून शाळा भरेल’ असे सांगणाऱ्या माणसाची नोंद कोणी ठेवत नाही. वास्तविक त्या गावापुरते पाहिले तर शांतता प्रस्थापित करणारा पहिला माणूस तोच असतो. आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत ती अशाच एका माणसाची हकिकत. त्याला आम्ही नाव देत नाही. कारण तो एक नाही. पूर्व तिमोरच्या डोंगराळ मुलखात त्याच्या वयाचे, त्याच्याच वाटेने चाललेले अनेक मुख्याध्यापक आहेत आणि त्या साऱ्यांच्या अनुभवांतून जे चित्र उभे राहते, ते आम्ही येथे रेखाटीत आहोत.

पूर्व तिमोर हे नाव गोमंतकीयाला परके वाटू नये. आग्नेय आशियातील तिमोर बेटाचा पूर्वेकडचा अर्धा भाग आणि पश्चिमेकडचा ओएकुसीचा तुकडा मिळून हा देश बनतो. क्षेत्रफळ सुमारे १५,००० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या चौपट. लोकसंख्या २०२२ च्या जनगणनेनुसार सुमारे १३ लाख ४० हजार, म्हणजे जवळजवळ गोव्याइतकीच. आपण ज्या साम्राज्याच्या टाचेखाली साडेचारशे वर्षे काढली, त्याच साम्राज्याचा तो दूरचा तुकडा. १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या अखत्यारीतच चालत असे. तेथील तेतुम भाषेत आजही शाळेला ‘एश्कोला’, खिडकीला ‘जनेला’ आणि भाकरीला ‘पाऊं’ म्हणतात. आपल्या इस्कोल, जनेल आणि पाव या शब्दांची ही सख्खी भावंडे होत. एका बापाने दोन घरांत टाकून दिलेल्या मुलांची नाकेडोळे जुळावीत, तसेच हे साम्य आहे.

मात्र दोन्ही घरांचे नशीब सारखे निघाले नाही. आपण १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झालो. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमध्ये हुकूमशाही कोसळली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व करार करून मान्य केले. तिमोरलाही तेव्हाच मोकळा श्वास मिळावयास हवा होता. २८ नोव्हेंबर १९७५ रोजी त्या देशाने आपले स्वातंत्र्य घोषित केले; आणि अवघ्या नऊ दिवसांनी, ७ डिसेंबरला, इंडोनेशियाचे सैन्य दिली शहरात उतरले. पुढची २४ वर्षे हा देश युद्धात, उपासमारीत आणि दडपशाहीत होरपळला. त्या देशाच्या सत्यशोधन आयोगाने २००५ साली आपला अहवाल सादर केला. १९७४ ते १९९९ या काळात संघर्षामुळे किमान १,०२,८०० माणसे मृत्युमुखी पडल्याचा अंदाज त्यात आहे. त्यांतील ८४ हजारांवर माणसे भुकेने आणि रोगराईने गेली. या अहवालाला नाव दिले आहे ‘शेगा’. आपल्याकडील पोर्तुगीज शिकलेल्या वृद्धांना त्याचा अर्थ सांगावयास नको. ‘पुरे झाले!’

आमचा मुख्याध्यापक १९६५ च्या आसपास जन्मलेला. कॉफीच्या मळ्यांचा मुलूख, घरात मांबाई बोली, बाजारात थोडीफार तेतुम. मिशनच्या शाळेत गेला तेव्हा मात्र फळ्यावर पोर्तुगीज अक्षरे आली. लिस्बनच्या नद्या आणि पोर्तुगालचे राजे घोकणे आले आणि चुकले की पालमतोरीचा मारही आला. ज्यांनी गोव्यात प्रिमेर ग्राव, सेगुंद ग्राव केले, त्यांना हे वर्णन ऐकीव वाटणार नाही. तो दहा वर्षांचा झाला आणि ती शाळा बंद पडली. कुटुंब सैन्यापुढून पळत डोंगरात गेले. फ्रेतिलिनच्या तरुणांनी १९७४-७५ मध्ये तेतुम भाषेत प्रौढांची साक्षरता मोहीम चालविली होती आणि डोंगरातील तळांवरही काही काळ असे वर्ग भरत राहिले. मातृभूमीच्या भाषेत अक्षरे गिरविण्याची या देशाला मिळालेली ती पहिली संधी. ती बंदुकीच्या धाकात आली आणि उपासमारीत विरली. १९७८-७९ च्या सुमारास डोंगरातील बहुतेक लोक भुकेने हतबल होऊन खाली उतरले.

खाली उतरल्यावर तिसरी भाषा वाट पाहत होती. इंडोनेशियाने १९७६ साली या देशाला आपला सत्ताविसावा प्रांत ठरविले होते. शेकडो शाळा बांधल्या; सत्य ते सत्य म्हणून सांगितले पाहिजे, की पोर्तुगीजांनी शतकानुशतके जेवढ्या मुलांना अक्षर दाखविले नाही, तेवढ्यांना इंडोनेशियाने वीस वर्षांत दाखविले. परंतु ते अक्षर होते इंडोनेशियन भाषेचे. आणि त्याबरोबर होती लाल-पांढऱ्या निशाणाची वंदना, पंचशीलाची घोकंपट्टी व वर्गाबाहेर शिपायांची गस्त. पोर्तुगीज भाषेला बंदी झाली. तेव्हा तेथील चर्चने प्रार्थनेसाठी इंडोनेशियन न स्वीकारता तेतुम स्वीकारली, आणि १९८१ पासून देवाची भाषा व लोकांची भाषा एक झाली. सत्तेने ज्या भाषेला जागा नाकारली, तिला प्रार्थनामंदिरात आसरा मिळाला. ज्या गोव्यात परकीय अमदानीत मराठीची मुळाक्षरे देवळांच्या मंडपांत आणि अग्रशाळांत जिवंत राहिली, त्या गोव्याला यातील मर्म वेगळे समजावून द्यावयास नको.

आमचा मुलगा या इंडोनेशियन शाळेत शिकला, तिथेच शिक्षक झाला, लग्न केले, चार मुलांचा बाप झाला. १२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिली शहरातील सांताक्रूझ दफनभूमीत निःशस्त्र तरुणांवर लष्कराने गोळीबार केला आणि त्याचे चित्रण जगभर गेले. मेलेल्यांत कितीतरी विद्यार्थी होते. त्या दिवसानंतर वर्गात उभे राहून इंडोनेशियन भाषेत राष्ट्रभक्तीचा धडा वाचताना तेथील मास्तरांच्या मनाचे काय झाले असेल, याची कल्पना ज्याने परकीय निशाणाला बळेने वंदन केले आहे, तोच करू शकेल.

३० ऑगस्ट १९९९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली सार्वमत झाले. नोंदलेल्या मतदारांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक लोकांनी मतदान केले आणि ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. या मतदानाची केंद्रे बहुतांशी शाळांतच होती. निकाल लागताच लष्कराच्या आशीर्वादाने वाढलेल्या सशस्त्र टोळ्यांनी देशभर जाळपोळ आरंभिली. चौदाशेच्या आसपास माणसे मारली गेली, अडीच लाखांच्या घरात लोक सीमेपलीकडे पश्चिम तिमोरात पळाले किंवा हाकलले गेले आणि देशातील बहुतेक सर्व शाळा जाळल्या, मोडल्या वा लुटल्या गेल्या. छपरांचे पत्रे गेले, बाके गेली, दारांच्या चौकटीदेखील गेल्या. इंडोनेशियातून आलेले शिक्षक परतले. प्राथमिकचे सुमारे एक पंचमांश आणि माध्यमिकचे बहुसंख्य शिक्षक तेच होते. २० सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय फौज उतरली, तेव्हा डोंगरातील गावांत शाळा म्हणून ज्या उरल्या होत्या त्या चार काळवंडलेल्या भिंती.

आमचा मास्तर मुख्याध्यापक झाला तो या भिंतींमध्ये. नेमणुकीचा हुकूम नव्हता, कारण हुकूम काढणारे खातेच उरले नव्हते. गावात शिकविण्याचा अनुभव असलेला माणूस तो एकटा, म्हणून तो मुख्याध्यापक! झाडाखाली वर्ग भरू लागला. फळा म्हणून पत्र्याचा तुकडा आणि खडू म्हणून कोळसा. काही महिने हेच चालले. रीतसर शालेय वर्ष सुरू झाले ते ऑक्टोबर २००० मध्ये.

या मुख्याध्यापकापुढची पहिली अडचण कोणत्याही प्रशिक्षण महाविद्यालयात शिकवीत नाहीत. शाळेची हजेरीपुस्तके आणि दाखले जळून गेलेले. तेव्हा कोण कितवीत होता, कोण पास, कोण नापास, कोणाचे वय काय, याला पुरावा नाही. आई सांगेल ती इयत्ता आणि मूल सांगेल ते वय. पहिलीच्या वर्गात सहा वर्षांची मुलगी आणि तिच्या शेजारी मिसरूड फुटलेला मुलगा. त्या मुलाला खाली बसवावे तर तो लाजेने शाळा सोडतो. वर बसवावे तर त्याला वाचता येत नाही. अशा वेळी मास्तर नियम पाहत नाही, मुलाचा चेहरा पाहतो. आणि तेच योग्य असते.

दुसरी अडचण याहून बिकट. सीमेपलीकडे गेलेली कुटुंबे हळूहळू परत येऊ लागली. त्यांत असेही बाप होते, ज्यांनी त्या टोळ्यांत सामील होऊन शेजाऱ्यांची घरे पेटविली होती. त्यांची मुले आणि घर जळालेल्यांची मुले एकाच चटईवर बसणार होती. एकाने दुसऱ्याला ‘तुझ्या बापाने आमचे घर जाळले’ असे म्हटले, तर मास्तराने काय करावे? गप्प बसवावे, तर ते खोटे ठरते. बोलू द्यावे, तर मारामारी होते. त्या देशाने यावर आपल्या परंपरेतून तोड काढली. त्यांच्याकडे ‘नाहे बीती’ म्हणजे चटई अंथरण्याची चाल आहे. तंटा झाला की गावचे वडीलधारे चटई अंथरून दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवितात आणि तोड निघाल्यावाचून ती गुंडाळीत नाहीत. सत्यशोधन आयोगाने हीच रीत गावोगावी वापरली. जाळपोळ व मारहाणीसारखे गुन्हे केलेल्यांनी गावासमोर येऊन कबुली द्यावी, क्षमा मागावी, नुकसानीपोटी काही काम करावे. अशा रीतीने १,३७१ माणसे आपापल्या गावांत सामावली गेली. खुनासारखे गंभीर गुन्हे यातून वगळलेले होते, आणि त्यांतील बहुतेकांना आजवर शिक्षा झालेली नाही, हेही येथे नमूद केलेच पाहिजे. मोठ्यांची चटई एका दिवसात गुंडाळली गेली. मास्तराची चटई मात्र रोज सकाळी अंथरावी लागे.

तिसरी अडचण म्हणजे भाषा, आणि आमच्या मते या कहाणीचे सारे मर्म तिच्यात आहे. २० मे २००२ रोजी देश स्वतंत्र झाला. राज्यघटनेने तेतुम आणि पोर्तुगीज या दोन राजभाषा ठरविल्या. शाळेत, शक्य तितक्या लवकर, पोर्तुगीज हेच माध्यम व्हावे असा आग्रह धरला गेला. ज्या भाषेत आमच्या मुख्याध्यापकाने पंचवीस वर्षांत एक अक्षर वाचले नव्हते, ज्या भाषेच्या आठवणीबरोबर तळहाताची आग आठवत होती, तिच्यात आता त्याने शिकवावयाचे होते. त्याच्या हाताखालचे तरुण शिक्षक तर इंडोनेशियन शाळांत वाढलेले. त्यांना ही भाषा मुळी येतच नव्हती. सुट्टीच्या दिवसांत त्यांनी पोर्तुगीजचे वर्ग करावयाचे आणि शाळा उघडली की तीच भाषा मुलांना द्यावयाची! परिणाम व्हावयाचा तोच झाला. पाठ्यपुस्तक पोर्तुगीज, समजावणी तेतुममध्ये, आणि रागावण्याला व लाड करण्याला मांबाई. मुले फळ्यावरची वाक्ये सुंदर अक्षरात उतरवून घेत. काय उतरविले हे त्यांना कळत नसे, आणि पुष्कळदा उतरवून देणाऱ्यालाही कळत नसे.

पोर्तुगीजचा आग्रह धरणाऱ्यांना आम्ही दुष्ट किंवा मूर्ख ठरवू इच्छित नाही. तिमोरच्या पुढाऱ्यांच्या पिढीसाठी ती भाषा लढ्याची भाषा होती. जंगलातील निरोप तिच्यात लिहिले गेले, जगाच्या दारात गाऱ्हाणी तिच्यात मांडली गेली. एका बाजूस इंडोनेशिया व दुसऱ्या बाजूस ऑस्ट्रेलिया अशा दोन प्रचंड शेजाऱ्यांमध्ये आपले वेगळेपण टिकविणारी खूण म्हणूनही त्यांनी ती जवळ केली. तेतुममध्ये शास्त्रीय परिभाषा नाही, ग्रंथ नाहीत, ही अडचणही खरी होती. परंतु राष्ट्राचा अभिमान आणि सहा वर्षांच्या मुलाची समजूत या दोन गोष्टी एकाच तराजूत तोलता येत नाहीत. ज्या भाषेने पुढाऱ्यांना स्वातंत्र्य मागता आले, तिच्यातच लेकरांना बेरीज कळेल, असे गृहीत धरणे ही चूक होती. आणि तिची किंमत डोंगरातल्या मुलांनी मोजली. २००९ साली जागतिक बँकेने तेथील प्राथमिक शाळांत वाचनाची पाहणी केली, तेव्हा पहिलीच्या अखेरीस ७० टक्क्यांहून अधिक मुलांना साध्या उताऱ्यातील एकही शब्द वाचता आला नाही.

हा आकडा प्रसिद्ध झाला की दोष मास्तरांच्या माथी येतो. मास्तर अप्रशिक्षित, मास्तर गैरहजर, मास्तर आळशी! परंतु ज्याला एका आयुष्यात तीन वेळा सांगितले गेले की तुझी कालची भाषा रद्द झाली, त्याच्याकडून कोणत्या तोंडाने उत्तर मागावयाचे? शिवाय तो केवळ शिकवीत नाही. केंद्रशाळेचा मुख्याध्यापक असेल तर पावसाळ्यात नद्यांना पूर आला असतानाही त्याला डोंगरावरील शाखाशाळांपर्यंत पायी जावे लागते. पाच वर्षांखालील जवळजवळ निम्म्या मुलांची वाढ कुपोषणाने खुंटलेली आहे, अशा देशात शाळेत एक वेळ शिजणारा भात वेळेवर येतो की नाही, हे पाहण्याचे कामही त्याचेच. २००६ साली लष्करातील बंडाळीतून पुन्हा दंगली उसळल्या, दीड लाखाच्या आसपास माणसे पुन्हा छावण्यांत गेली. तेव्हाही शाळेची किल्ली त्याच्याच कमरेला होती.

सुदैवाने त्या देशाने हळूहळू चूक उमगून घेतली. २००८ च्या शिक्षण कायद्याने तेतुमला पोर्तुगीजच्या बरोबरीने माध्यमाचा दर्जा दिला. २०१२ पासून लाउतें, मानातुतो आणि ओएकुसी या तीन जिल्ह्यांतील काही शाळांत फातालुकू, गालोलें आणि बायकेनो या स्थानिक बोलींतून शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला. २०१६ च्या पाहणीत या शाळांतील मुले इतर मुलांच्या पुढे असल्याचे आढळले. २०१५ च्या नव्या अभ्यासक्रमाने आधी तेतुम आणि मग क्रमाक्रमाने पोर्तुगीज अशी वाट आखून दिली. दुर्गम गावातील पोरे घरच्या बोलीत शिकून राजभाषेकडे जाऊ शकतात, एवढी साधी गोष्ट सिद्ध करावयास एका पिढीचे बालपण खर्ची पडले. वाद अजून मिटलेला नाही. पोर्तुगीजचा ध्वज उंच धरणारे आजही तेथे पुष्कळ आहेत.

आता थोडे स्वतःकडे पाहू. मुक्तीनंतर गोव्यात शाळा जाळलेल्या नव्हत्या. त्या फारशा नव्हत्याच. भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगावी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. कोठे देवळाच्या मंडपात, कोठे कोणाच्या ओसरीवर. घाटापलीकडून आलेल्या आणि येथल्याच मातीतल्या तरुण मास्तरांनी त्या उभ्या केल्या. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कोणी सही केली नव्हती, त्या घरातील मुलगी पुस्तक वाचू लागली. कारण पुस्तकातील भाषा तिच्या कानांना ओळखीची होती. तिमोरला जे तीस-पस्तीस वर्षांच्या यातनांनंतर शोधावे लागले, ते आपल्याला पहिल्याच दिवशी हातात मिळाले होते.

आणि आपण त्याचे काय केले? मराठी की कोकणी हा वाद आपण एवढ्या त्वेषाने घातला, की दोहोंच्या शाळांतून मुले कधी निघून गेली हे आपल्या ध्यानातही आले नाही. आज खेड्यांतील कितीतरी सरकारी प्राथमिक शाळा पटसंख्येअभावी बंद पडल्या आहेत किंवा शेजारच्या शाळेत विलीन झाल्या आहेत. त्या कोणी जाळल्या नाहीत. आपणच मुले काढून घेतली. तिमोरातील मुख्याध्यापक जळालेल्या भिंतींत शाळा उघडीत होता. आपल्याकडील मुख्याध्यापक धडधाकट इमारतीला कुलूप लावून किल्ली भागशिक्षणाधिकाऱ्याच्या हाती देतो. परकी भाषा शिकू नये असे आम्ही कधीच म्हटलेले नाही. मूल आधी आपल्या पायांवर उभे राहावे आणि मग धावावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

ऑक्टोबर २०२५ मध्ये तिमोर आग्नेय आशियाई राष्ट्रांच्या संघटनेचा पूर्ण सदस्य झाला. ज्या इंडोनेशियाने त्याला गिळले होते, त्याच्या शेजारच्या खुर्चीवर तो आता बसतो. समुद्रातील तेलाच्या उत्पन्नातून २००५ पासून त्याने साठविलेला अब्जावधी डॉलरांचा निधीही त्याच्यापाशी आहे. परंतु तेल संपणार आहे, आणि परिषदेतील खुर्चीने मुलाला वाचता येत नाही. त्या देशाचे भवितव्य अजूनही डोंगरातल्या त्याच माणसाच्या हाती आहे. त्याला नियमित पगार, स्वतःला समजणारी पुस्तके आणि मुलांना समजणाऱ्या भाषेत शिकविण्याची मोकळीक एवढे दिले, तर युद्धाने जे नेले त्यातील बरेचसे तो परत आणील.

आता तो साठीला पोहोचला आहे. निवृत्तीचे दिवस जवळ आले आहेत. ज्या शाळेचे पहिले हजेरीपुस्तक त्याने आठवणीवरून लिहिले, तिचा पट आज रीतसर छापील वहीत आहे. त्या वहीत ज्यांच्या बापांनी घरे जाळली आणि ज्यांची जळली, अशा दोन्ही घरांतील नातवंडांची नावे एकाखाली एक लिहिलेली आहेत. शांतता म्हणून ज्याला म्हणतात, ती याहून वेगळी असते असे आम्हांस वाटत नाही. आपल्या गावातील शाळेचा पट कोरा होत असताना आपण निदान त्या दूरच्या भावंडाकडून एवढे तरी शिकावे, की शाळा टिकवावयास फार थोडे लागते. मात्र ते थोडे द्यावयास गावाची इच्छा लागते.